इतिहास-राज्यशास्त्र यांसी, विनंती विशेष

तीर्थरूप इतिहास आणि तीर्थरूप राज्यशास्त्र यांचे सेवेशी,

 

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, राग नसावा. शाळेत असताना तुम्ही एकाच पुस्तकात गुण्यागोविंदाने राहत होतात. दहावीला तुमची परीक्षाही एकत्र, चाळीस गुणांची. विद्यापीठात आल्यावर तुमचे विभाग वेगळे झाले, शिक्षक वेगळे, ग्रंथालयातली कपाटेही वेगळी. मी मात्र तुमच्याकडे जोडीनेच आले. बी.ए.ला इतिहास स्पेशल आणि राज्यशास्त्र जनरल, पुढे एम.ए. राज्यशास्त्रात. आता नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका कॉलेजात तुमच्यापैकी एकाचे तास घेते, आणि दुसऱ्याचे शिक्षक रजेवर असले की त्यांचेही घेते. इतक्या वर्षांच्या संबंधात तुम्हाला दोन वेगळी पाकिटे पाठवणे मनाला पटले नाही.

इकडील सर्व क्षेम आहे. पाऊस वेळेवर झाला, बाजरी चांगली उगवली आहे. कॉलेजचे प्रवेश संपले. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला यंदाही मुली जास्त आणि मुले कमी. मुले बारावी झाली की पोलीस भरतीच्या मैदानावर नाहीतर चाकणच्या कंपन्यांत जातात. मुलींपैकी बऱ्याच जणींचे आईवडील दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन उसाच्या फडावर निघतात, ते पाडव्याच्या सुमारास परततात. तोवर लहान भावंडे, घरची म्हातारी माणसे आणि तुम्ही दोघे, हे सगळे त्या एकट्या सांभाळतात. नव्या धोरणाप्रमाणे आता प्रत्येकीला एक विषय मेजर आणि एक मायनर घ्यावा लागतो. प्रवेशाच्या टेबलाशी एक मुलगी अर्ज हातात धरून बराच वेळ उभी होती. म्हणाली, "मॅडम, या दोघांतलं मेजर कोणतं घेऊ?" मी म्हटले, "कोणतंही घे. पण एकाचा अभ्यास दुसऱ्यावाचून होणार नाही, एवढं ध्यानात ठेव." तिला सांगितले तेच तुम्हालाही सांगावे, म्हणून हे पत्र.

आधी तक्रार मांडते, म्हणजे मन मोकळे होईल. तुम्ही सोपे आहात असा लौकिक पसरला आहे आणि तुम्ही तो मुकाट्याने चालू दिला आहे. सायन्सला टक्के कमी पडले, कॉमर्सचे गणित नको वाटले, की माणूस तुमच्या दारात येतो. आमच्या घरीही निराळे नव्हते. धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला जागा मिळाली तेव्हा गल्लीभर पेढे वाटले गेले. मी तुम्हाला निवडले तेव्हा आजीने एवढेच विचारले, "त्याच्यात मास्तरकी तरी मिळती का?" आजीचा प्रश्न रास्तच होता, तिने पोटाचे पाहिले. मला राग येतो तो तुम्हाला सोपे म्हणणाऱ्यांचा. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. त्या माणसाने तुमच्यापैकी कोणाला सोपे मानले असेल, असे मला तरी वाटत नाही.

तुम्ही सोपे दिसता कारण आम्ही तुम्हाला यादीत बसवले. 'पानिपतच्या पराभवाची कारणे व परिणाम लिहा.' कारणे सहा, परिणाम पाच, गाइडमध्ये ठळक अक्षरात, आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याहूनही आखूड करून. मुलगी ती पाठ करते, लिहिते, पास होते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाशी तिची गाठ कधीच पडत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, त्यात वाईला सापडलेली याच काळातली पत्रे होती. पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले. मी ते पहिल्यांदा उघडले तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षात होते. पत्रे लिहिणाऱ्यांना उद्या काय होणार हे ठाऊक नाही. कोणाला पैसा हवा आहे, कोणाला दाणावैरण, कोण कोणाच्या उत्तराची वाट पाहतो आहे. अशी चार पत्रे वाचली की सहा कारणांची यादी पुन्हा पाठ करता येत नाही, कारण प्रत्येक कारणामागे कोणीतरी घेतलेला किंवा टाळलेला निर्णय दिसू लागतो. पैसा कोणी अडवला, हुकूम कोणाचा चालत होता, आणि ज्याचा चालायला हवा होता त्याचा का चालला नाही. हे प्रश्न, राज्यशास्त्रा, तुझे आहेत. (रागाच्या भरात एकेरीवर आले, क्षमा असावी. लेक म्हणून चालवून घ्या.)

दुसरे गाऱ्हाणे स्पर्धा परीक्षांचे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये पहाटेपासून रात्रीपर्यंत तुमचीच पुस्तके उघडी असतात. इतक्या तरुण मुलांनी तुम्हाला एवढा वेळ दिल्याचा काळ आधी कधी आला नसेल. तरीही तिथे तुमच्याशी बोलणे होत नाही. कलम क्रमांक, घटनादुरुस्तीचे वर्ष, काँग्रेसचे अधिवेशन कुठे भरले आणि अध्यक्ष कोण, चार पर्यायांतला एक गोल काळा. त्या मुलांबद्दल माझ्या मनात माया आहे. गावाकडे जमिनीचा तुकडा विकून त्यांना पाठवलेले असते आणि त्यांच्या घाईत त्या तुकड्याची किंमत असते. पण परीक्षा सुटली तरी वा हुकली तरी, तुम्ही दोघे त्यांच्या हाताला न लागताच मागे राहता, याचे मला वाईट वाटते.

तिसरे गाऱ्हाणे तुमच्या घरातल्याच माणसांचे. तुम्हाला शिकवणारे कितीतरी जण आज तासिका तत्त्वावर राबतात. नेट-सेट झालेले, काही जण पीएच.डी. झालेले. जितके तास तितका मोबदला, सुट्टीत काही नाही, आणि तोही महिनोन्‌महिने उशिराने. माझ्याबरोबर एम.ए. झालेला एक अतिशय हुशार मित्र दोन कॉलेजांत तास घेऊन उरलेल्या वेळात शेती करतो. राज्यसंस्था रोजगाराबद्दल नागरिकाला काय देणे लागते, हे तो वर्गात फार सुंदर समजावतो. त्याच्यासाठी कुठे शब्द टाकता आला तर टाका. निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या ठेवून तुमचा अभ्यासक्रम कितीही नवा केला तरी तो शिकवणार कोण?

आता थोडे जुने सांगते. पुण्यात एम.ए. करत असताना एका उन्हाळ्यात मी मोडी लिपीचा वर्ग केला. पुराभिलेख विभागाचे असे वर्ग अधूनमधून भरतात. काही दिवसांत अक्षरओळख होते, सफाईने वाचायला मात्र वर्षे लागतात. वर्ग संपल्यावर एका मैत्रिणीबरोबर पुराभिलेखागारात गेले. सगळे त्याला पेशवे दफ्तरच म्हणतात. रियासतकार सरदेसायांनी १९३० पासून पुढे या दफ्तरातून निवड करून पंचेचाळीस खंड छापले, ते मी ग्रंथालयात ओळीने पाहिले होते आणि मनात धरले होते की महत्त्वाचे ते सगळे छापून झाले असणार. आत कागद बांधून ठेवलेल्या रुमालांच्या रांगा पाहिल्या आणि तो समज तिथेच गेला. हजारो रुमाल, कोट्यवधी कागद. आमच्यापुढे आला तो एका परगण्याचा साधा जमाखर्च. लढाई नाही, कारस्थान नाही, नुसता वसुलाचा हिशेब. बोट ठेवत, अडखळत वाचत गेलो. अमुक गावाला अवर्षणामुळे सूट. अमुक गावावरून लष्कर गेले, पिके तुडवली, म्हणून सूट. बैल मेले म्हणून तगाई.

त्या कागदाने मला जे शिकवले ते दोन वर्षांच्या व्याख्यानांत मिळाले नव्हते. इतिहास मला सांगत होता की दुष्काळ पडला आणि सरकारने सूट दिली. राज्यशास्त्र माझ्या कानाशी विचारत होते की ही सूट कोणी ठरवली, कशाच्या जोरावर मागितली गेली, आणि दिली नसती तर रयतेच्या हाती काय होते? तिच्या हाती एकच गोष्ट होती, गाव सोडून जाणे. ओस गावाचा वसूल येत नाही, हे सरकारलाही कळत होते. म्हणून सूट ही धन्याची मेहेरबानी होती आणि त्याच वेळी त्याची निकडही होती. हक्क मात्र ती नव्हती. तेव्हापासून मी तुम्हा दोघांकडून एकाच प्रश्नाचा माग काढते आहे. दुष्काळात राज्याने उपाशी माणसाला काय दिले, आणि ते कृपा म्हणून दिले की देणे म्हणून?

हा माग फार दूरवर जातो. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने कामे काढली, आणि दुष्काळाच्या पाहणीवर पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य पुरे, असे ठरवून मजुरी खाली आणली. अंगमेहनतीच्या कामावर इतक्या धान्यात माणूस जगत नाही. आपल्या मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या छावण्यांवर जायचे नाकारले आणि काम सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी कामावर बहिष्कार घालावा, याचा अर्थ काय लावायचा? पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे धाडली. त्याच दिवसांत सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवले. पुढे दुष्काळ आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्यातून फॅमिन कोड तयार झाला. सरकारने काय करावे हे प्रथमच कागदावर आले, पण तो कागद अधिकाऱ्यांसाठी होता. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेने आपली माणसे गावोगाव धाडून शेतकऱ्यांना सांगितले की या कोडमध्ये तुमच्यासाठी तरतुदी आहेत, त्या मागून घ्या. सरकार चिडले आणि १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यता काढून घेतली. चिडण्याजोगेच होते ते. ज्याला कालपर्यंत सूट मिळत होती तो आता नियम दाखवून मागू लागला होता.

आणि मग संविधान. कलम ४१ म्हणते की राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कामाचा हक्क मिळवून देण्याची व्यवस्था करावी. कलम ३७ म्हणते की या भागातल्या तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, तरी राज्यकारभारासाठी ती मूलभूत आहेत. वर्गात हे शिकवताना एखादी तरी मुलगी विचारतेच, "मग लिहिलं कशाला?" तिला मी १९७२ च्या दुष्काळाकडे आणि त्यातून आलेल्या रोजगार हमीकडे घेऊन जाते.

इथे तुमच्यावर माझा खरा राग आहे, तो ऐकून घ्या. मी वर जे सांगितले तो एकच धागा आहे. तुमच्या अभ्यासक्रमात त्याचे चार तुकडे चार ठिकाणी पडले आहेत. पेशवाईचा महसूल मराठ्यांच्या इतिहासात. १८७६ आधुनिक भारतात, तोही बहुतेक वेळा वासुदेव बळवंतांच्या उठावाची पार्श्वभूमी म्हणून दोन ओळींत. कलम ४१ भारतीय संविधानाच्या पेपरात. रोजगार हमी महाराष्ट्राच्या राजकारणात, टीप लिहा, पाच गुण. आणि त्या दुष्काळात खोदलेल्या गावच्या पाझर तलावाला कुठेच जागा नाही. वाटणी झालेल्या भावांनी एकाच विहिरीवर पाळ्या लावून घ्याव्यात तसे तुम्ही वागता. पाणी एकच आहे हो. ज्या मुली तुमच्या दोघांच्या वर्गात बसतात त्यांना हा धागा कोणी हातात देत नाही, आणि एकाच वेळापत्रकात सोमवारी एक तुकडा, गुरुवारी दुसरा, असे त्या वेचत राहतात.

मी माझ्यापुरते काय करते ते कळवते. टी.वाय.च्या मुलींना दरवर्षी एक काम देते. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारायचे आणि सांगेल ते तसेच्या तसे, त्याच्या बोलीत उतरवायचे. गेल्या खेपेला एकीने आजीचे बोलणे लिहून आणले. खडी फोडली, तलावाची माती डोक्यावरून वाहिली, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या, पोरांना सुकडी मिळायची. मिलो घशाखाली उतरत नव्हता तरी उतरवला. मुकादम हजेरीच्या मस्टरवर नाव घालायचा आणि नाव घालताना कोणाकोणाला बाजूला ठेवायचा तेही आजीला नावानिशी आठवत होते. नातीने विचारले, "मजुरी कोण द्यायचं?" आजी म्हणाली, "सरकार." "सरकारनं पैसे कुठून आणले?" आजीने सांगितले, "त्ये तुज्या म्याडमला इचार."

मग तो तास मी त्या प्रश्नाला दिला. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या परिसरात १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा एक छोटा प्रयोग झाला होता. पागे विधान परिषदेचे सभापती होते. बहात्तरच्या दुष्काळात कामे राज्यभर निघाली. १९७३ मध्ये मजुरांनी त्या कामांवर संप केले, आणि आमच्याच जिल्ह्यातले दत्ता देशमुख यांच्यासारखे नेते त्यांच्या बाजूने उभे राहिले. शंभर वर्षांपूर्वी छावणी सोडून गेलेले मजूर आणि हे मजूर, दोघांचे म्हणणे मुलींनी फळ्यावर शेजारी शेजारी मांडले. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता प्रत्यक्ष हातात पडणे फार दुर्मीळ राहिले, हेही मुलींना सांगितले, कारण ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. तरी मागणाऱ्याच्या हातात कायदा आला होता. २००५ मध्ये देशाने केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

आणि पैसे? १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर आणला तो याच कामासाठी. शहरात पगार घेणाऱ्याने दुष्काळी गावातल्या माणसाच्या कामाचा खर्च उचलायचा. पुण्यातल्या एका कंपनीत असलेल्या माझ्या भावाच्या पगारपत्रकावर ती ओळ दर महिन्याला असते. दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. इतकी वर्षे त्याने ती पाहिली आणि सोडून दिली. मी त्याला त्या आजीचे बोलणे वाचून दाखवले आणि मग त्या ओळीवर बोट ठेवले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग आता हे पैसे कुठे जातात?" मला फार आनंद झाला. आमच्या घरात आर्ट्सला जाऊन काय करणार, हे विचारणे तेव्हापासून थांबले आहे. आता तो मला फोन करून अर्थसंकल्पाबद्दल विचारतो आणि उत्तर द्यायला मला पुस्तके काढावी लागतात.

तुम्ही एकत्र नांदलात तेव्हा काय घडते, हे मराठीने पाहिले आहे. य. दि. फडके राज्यशास्त्राचे प्राध्यापक, आणि 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र' लिहायला बसले ते जुनी वर्तमानपत्रे, सरकारी कागद, खासगी पत्रव्यवहार समोर घेऊन. तारीख चुकलेली त्यांना खपत नसे, आणि सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली हेही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या राजेंद्र व्होरांनी मुळशी सत्याग्रह अभ्यासला. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळचे शेतकरी धरणाविरुद्ध उभे राहिले होते. वीज मुंबईला आणि बुडणारी जमीन मावळ्यांची, हा प्रश्न आज कोणत्याही धरणाच्या गावात जाऊन विचारता येतो. हे दोघे तुमच्यापैकी नक्की कोणाचे, असे मला कोणी विचारले तर मी उत्तर देणार नाही.

आणखी एक दुखणे आहे, ते लिहावे की नाही यावर बराच विचार केला. इतिहासा, तुमच्या नावाने लोक फार भांडतात. मोबाइलवर आलेल्या दोन ओळींवरून माझ्या वर्गातली मुले एकमेकांशी अबोला धरतात. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला तेव्हा मी विद्यार्थिनी होते. पुस्तके आणि हस्तलिखिते जमिनीवर फेकलेली छायाचित्रे वर्तमानपत्रात पाहिली आणि त्या रात्री जेवण गेले नाही. कागद सांभाळणाऱ्या घरावर हात उचलणाऱ्याला त्या कागदांत काय लिहिले आहे याची उत्सुकता नसते. तुमच्यावर प्रेम असल्याचे सांगणारे लोक तुम्हाला वाचत का नाहीत, हे मला तुम्हीच समजावून सांगा. राज्यशास्त्रालाही इथे सोडत नाही मी. जमावाची नाराजी आणि नागरिकाचा मतभेद यांतला फरक वर्गात नीट शिकवला गेला असता, तर काही हात तरी खाली राहिले असते.

म्हणून आता विनंती. तीन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात निदान एक मूळ कागद पडू द्या. तो पुण्याच्या रुमालातलाच असायला हवा असे नाही. ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक चालेल, शाळेचे जुने जनरल रजिस्टर चालेल, सोसायटीचे कर्जखाते चालेल. कोणी लिहिले, कोणासाठी, कोणाचे नाव आले आणि कोणाचे गाळले, हे त्याला स्वतः विचारू द्या. मोडी पदवीच्या वर्गात आणा, ऐच्छिक का होईना. एखादी मुलगी आपल्या वाड्यातली कागदांची पेटी घेऊन येते आणि तिला वाचून दाखवायला तालुक्यात कोणी नसते, हे बरे दिसत नाही.

आणि दोघांचा मिळून एक पेपर ठेवा. फक्त एक. त्यात गावच अभ्यासाला घ्या. त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ चे 'गावगाडा' मुलींना वाचू द्या. त्यापाठोपाठ ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब गावाबद्दल जे कठोर बोलले ते वाचू द्या. मग १९९२ ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, ज्या गावाबद्दल ते बोलले त्याच गावाच्या पंचायतीला घटनेत जागा देणारी आणि तिथे बाईला एक तृतीयांश जागा देणारी. आपल्या राज्यात त्या पुढे निम्म्या झाल्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई ग्रामपंचायत सदस्य आहे. ती मुलगी हे तिन्ही वाचून घरी गेली आणि आईला विचारून आली की बैठकीत तू कुठे बसतेस, आणि सही कधी करतेस, चर्चा होण्याआधी की झाल्यावर. आईचे उत्तर तिने वर्गात वाचून दाखवले तेव्हा कोणाचेही लक्ष घड्याळाकडे नव्हते. असा पेपर तुम्ही दोघांनी मनावर घेतले तर होईल. अभ्यास मंडळाच्या बैठका वेगळ्या दिवशी भरतात, ही अडचण फार मोठी नाही. एकमेकांना चहाला तरी बोलवा.

एक ताजी बातमी सांगून पत्र पुरे करते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी सांगणाऱ्या त्या आजीच्या नातीने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज दिला आहे. त्यांच्या गावच्या पाझर तलावाच्या कामाची १९७२-७३ ची मस्टर आहेत का, असल्यास पाहायला मिळावीत, नसल्यास ती कधी आणि कोणाच्या आदेशाने नष्ट केली ते कळवावे. मसुदा त्यांनीच केला, मी फक्त शुद्धलेखन पाहिले. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. मुली रोज विचारतात, "आलं का काही?" कायदा राज्यशास्त्राच्या पेपरातला आणि कागद इतिहासाचा, तेव्हा या कामी दोघांनीही लक्ष घालावे. उत्तर आले की कळवीनच. नाही आले, तर पहिले अपील कसे करायचे ते मुलींनी आधीच वाचून ठेवले आहे.

बहुत काय लिहिणे. आपण सुज्ञ आहात. लोभ असो द्यावा, ही विनंती.

आपली,
एक जुनी विद्यार्थिनी